मोटरहोमची अडकलेली स्लाइड-आउट आणि अनामतीतून केलेली चुकीची कपात : तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, परदेश सहली,
पुणे कार्यालय.

विषय : भाड्याच्या मोटरहोममधील बिघाडाबद्दल अनामतीतून कापलेले ६४० डॉलर परत मिळण्याबाबत.

महोदय,

एप्रिल २०२५ मध्ये मी, माझे पती, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि आमची दोन मुले अशा पाच जणांनी आपल्या कंपनीमार्फत अमेरिकेतील लास वेगास, ग्रँड कॅन्यन, पेज आणि झायन असा नऊ दिवसांचा प्रवास मोटरहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, केला. गाडी लास वेगासमधील आपल्या सहयोगी कंपनीची होती. परंतु करार आपल्याशी झाला, पैसे आपण पुण्यात घेतले आणि पावतीही आपलीच आहे, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. १५ एप्रिल रोजी सकाळी ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, या गाडीची स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामाच्या वेळी सोफा आणि जेवणाच्या टेबलासकट भिंतीबाहेर सरकणारी खोली, बाहेरच अडकली. ती आत घेतल्याशिवाय गाडी जागची हलवता येत नाही. आम्ही परतल्यावर तीन आठवड्यांनी आपण ‘ग्राहकाने केलेला अयोग्य वापर’ असे कारण देऊन अनामत रकमेतून ६४० डॉलर कापल्याचे कळवले. ही कपात मला मान्य नाही.

या बिघाडाची सुरुवात गाडीत नव्हे, तर आपण केलेल्या आरक्षणात झाली. आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत साउथ रिमच्या दोन्ही मुक्कामांपुढे ‘वीज, पाणी व सांडपाणी जोडणीसह जागा’ असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात आपण आमची जागा मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये घेतली होती, जिथे एकाही जागेला विजेची जोडणी नाही. ती सोय शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. हा फरक आम्हाला तिथे पोहोचल्यावर, अंधार पडताना, वीज जोडण्याची जाड केबल हातात घेऊन खांब शोधताना कळला. साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलमध्येही तिथे पहाटे पाणी गोठते. गाडीतील हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा फेकणारा त्याचा पंखा राहण्याच्या भागातील १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. स्लाइड-आउटच्या मोटरीही त्याच बॅटरीवर चालतात. बाहेरून वीज मिळत असेल तर बॅटरी आपोआप चार्ज होत राहते आणि यातले काहीच जाणवत नाही. वीज नसेल तर थंडीच्या रात्री हीटर लावणे आणि सकाळी स्लाइड आत घेणे या दोन्ही गोष्टींचा भार एकाच बॅटरीवर पडतो.

हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. गाडी ताब्यात देताना तासाभराचे प्रात्यक्षिक दिले जाईल असे आपल्या माहितीपत्रकात म्हटले आहे. आम्हाला वीस मिनिटे मिळाली. त्यांत पाण्याच्या टाक्या, गॅसचा कॉक आणि सांडपाण्याचा पाइप दाखवण्यात आला, स्लाइडचे बटण एकदा दाबून ‘हे बाहेर, हे आत’ एवढेच सांगण्यात आले. स्लाइडची माहितीपुस्तिका गाडीत नव्हती.

१५ तारखेला सकाळी सव्वासात वाजता माझ्या पतींनी स्लाइड आत घेण्यासाठी बटण दाबले. आतून ‘टक्’ असा एकच आवाज आला, सोफ्यावरचा दिवा मंद झाला आणि खोली तसूभरही हलली नाही. त्या दिवसाच्या सर्व वेळा मी वहीत टिपून ठेवल्या आहेत. हँडब्रेक ओढलेला नसेल तर काही गाड्यांत स्लाइड चालत नाही, म्हणून आम्ही तो तपासला. तो ओढलेला होता. फ्यूज काढून पाहिले, ते शाबूत होते. स्लाइडखाली किंवा रुळात दगड, फांदी असे काही अडकलेले नव्हते. मग जनरेटर सुरू करायला गेलो, तर तोही याच बॅटरीवर सुरू होणारा असल्यामुळे मुका राहिला. साडेसात वाजता मी आपल्या ‘२४ तास मदत’ क्रमांकावर फोन केला. पुण्यात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, आणि कार्यालयाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ७ असल्याची ध्वनिमुद्रित सूचना मला तीनदा ऐकावी लागली. सहयोगी कंपनीने मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी येऊ शकेल असे सांगितले.

शेजारच्या जागेवरील एका वयस्कर गृहस्थांनी, जे स्वतः अनेक वर्षे मोटरहोम वापरत आले आहेत, आपला मल्टिमीटर आणला. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. आमच्या बॅटरीचा ११.४ होता आणि बटण दाबताच तो ९ च्याही खाली जात होता. त्यांनी पायरीखालचा कप्पा उघडून दाखवला, तेव्हा बॅटरीच्या ऋण टोकावर पांढरट-हिरवा क्षार बोटभर जाडीचा चढलेला होता आणि त्याखालची पकड हाताने फिरत होती. बॅटरीवरील चिकटपट्टीवर २०१९ साल होते. या तिन्हींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, आणि ती कृपया लक्षपूर्वक पाहावीत अशी माझी विनंती आहे. कारण इतका क्षार एका रात्रीत चढत नाही.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही इंजिन सुरू केले, डॅशबोर्डवरील दोन्ही बॅटऱ्या जोडणारे बटण दाबून धरले आणि जनरेटर सुरू केला. पण त्यानंतर स्लाइडची मागची बाजू चार इंच आत आली आणि पुढची जागेवरच राहिली. या प्रकारच्या स्लाइडला दोन्ही बाजूंना एकेक मोटर असते, आणि वीज कमी पडून एक मोटर मागे राहिली की खोली तिरकी होऊन अडकते. त्या फटीतून इतका गार वारा येत होता की सासूबाईंना शाल पांघरून पुढे चालकाशेजारच्या सीटवर बसवावे लागले आणि त्यांची पावणेदोनपर्यंतची वेळ तिथेच गेली.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी आपल्या एका कर्मचाऱ्याचा मला फोन आला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. त्या वेळी घरून फोन केल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परंतु त्यांनी दिलेला सल्ला ‘दोघातिघांनी मिळून बाहेरून ढकला’ असा होता. मोटरी सोडवल्याशिवाय स्लाइड ढकलली तर त्यांचे दाते मोडू शकतात. शेजारच्या गृहस्थांनी अडवले नसते, तर आम्ही आपल्याच सल्ल्याने गाडीचे खरे नुकसान केले असते.

शेवटी त्या गृहस्थांनी बॅटरीचे ते टोक गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन घट्ट केले. बॅटरी पुरेशी चार्ज होऊ दिली आणि कपाटामागील, स्लाइडच्या मोटरी नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरचे बटण सहा वेळा दाबून सातव्यांदा त्यावरचे दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरले. मी एका बाजूला आणि माझे पती दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवून उभे राहिलो. स्लाइड आधी पूर्ण बाहेर गेली आणि मग सरळ आत आली. तेव्हा दुपारचे एक चाळीस झाले होते. पेजमध्ये अँटिलोप कॅन्यन या घळीत वाटाड्याशिवाय प्रवेश नाही आणि आमच्या फेरीची वेळ एकची होती. पाचही तिकिटे वाया गेली.

आपल्या कपातीच्या पत्रात दोन कारणे आहेत. रात्रभर हीटर चालवल्याने बॅटरी उतरली, हे पहिले. हीटर थंडीत वापरण्यासाठीच असतो. धडधाकट बॅटरीने ती रात्र निभावली असती, आणि करारानुसार जागेला वीज असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. दुसरे कारण स्लाइडची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात फाटल्याचे आहे. गाडी ताब्यात घेताना मी काढलेल्या चित्रफितीत, १३ एप्रिलच्या तारखेसह, ती पट्टी त्याच कोपऱ्यात तशीच फाटलेली स्पष्ट दिसते.

त्यामुळे माझी मागणी अशी आहे की, कापलेले ६४० डॉलर संपूर्ण परत करावेत, वीजजोडणी असलेल्या आणि प्रत्यक्षात दिलेल्या जागेच्या भाड्यातील फरक द्यावा आणि अँटिलोप कॅन्यनच्या पाच तिकिटांची रक्कम भरून द्यावी. त्याचबरोबर यापुढे आपण मोटरहोम देता त्या प्रत्येक कुटुंबाला बॅटरी, जनरेटर आणि अडकलेली स्लाइड आत घेण्याची पद्धत मराठीत लिहून द्यावी, आणि तो मदत क्रमांक खरोखर २४ तास चालू ठेवावा. वृद्ध माणसांना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही पैशांहून मोठी गोष्ट आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. करार, कार्यक्रमपत्रिका, पावती, छायाचित्रे, चित्रफीत आणि वहीतील नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता व आरक्षण क्रमांक कराराच्या प्रतीवर)