काटा तपासा, मग आईला बोला

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या महिलांच्या पुरवणीत नवजात बाळाच्या वजनाचा तक्ता आला होता, जन्माला तीन किलो, महिन्याला चार, पाच महिन्यात दुप्पट वगैरे, आणि खाली एक ओळ, की वजन वाढत नसेल तर आईचं दूध कमी पडतंय असं समजावं. ती ओळ वाचून मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले. आमच्या घरात साडेतीन महिन्यांपूर्वी जे झालं ते ह्या एका ओळीमुळेच झालं, फक्त तेव्हा ती पेपरात नव्हती, मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईच्या तोंडात होती.

माझी मुलगी पुण्याहून बाळंतपणाला इंदूरला आली होती. जुळं, एक मुलगा एक मुलगी, छत्तिसाव्या आठवड्यातच झाले, मुलगा २ किलो ३१० आणि मुलगी १ किलो ९८०. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २ किलो १५० आणि १ किलो ८४०. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे मी ऑटोतच हिशोब केला, दोघांची घट सात टक्क्यांच्या जवळपास, आणि डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पहिल्या काही दिवसात सात, फार तर दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, मग दहा-चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं, लवकर झालेल्या बाळांना थोडे जास्त दिवस लागू शकतात. म्हणजे माझ्या डोक्यात सगळं क्लिअर होतं. पण क्लिअर असणं वेगळं आणि घरात विहीणबाई, मावशी, मालिशवाली सगळ्या एकदम बोलायला लागल्यावर टिकून राहणं वेगळं.

सातव्या दिवशी वजनाला बोलावलं होतं आणि नेमकी त्याच दिवशी रंगपंचमी. इंदूरकरांना सांगायला नको, राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) निघाली की तिकडून पलीकडे जाणं विसरा, आणि आमचं हॉस्पिटल पलीकडे. म्हणून घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेलो, डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होता, त्याने झबलं-टोपड्यासकट मुलीला काट्यावर ठेवलं आणि म्हणाला १ किलो ८००. चौथ्या दिवसापेक्षाही चाळीस ग्रॅम कमी! त्याने लगेच सांगून टाकलं, जुळ्यांना आईचं दूध पुरत नसतं, पावडर चालू करा. संध्याकाळी डबा घरात आला. माझी मुलगी रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत बसली, ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

त्या रात्री छोटीला पावडरचं दूध दिलं, ती पोट भरून चार तास झोपली, सगळ्या म्हणाल्या बघा कशी शांत झोपली. आणि इकडे माझ्या मुलीची छाती दगडासारखी झाली, कारण छोटीच्या वाट्याचं ओढायला कोणी नाही. दूध जेवढं निघतं तेवढं बनतं, उपसा थांबला की झरेही थांबतात, हे आपल्या आज्यांनासुद्धा माहीत होतं. पावडरचा प्रत्येक वाडगा छातीवरची एक पाळी खातो. (पावडर म्हणजे विष असं मी म्हणत नाहीये, जुळ्यांमध्ये कधी कधी खरंच लागते, पण ते डॉक्टरने बाळ बघून सांगायचं, कंपाउंडरने काटा बघून नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने ह्या पावडरींच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती काही उगाच नाही.)

आठव्या दिवशी आशा दीदी आल्या. सरकारी नियमाप्रमाणे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या अशा ठरलेल्या दिवशी येतात, सुट्टीमुळे एक दिवस उशीर झाला होता. त्यांनी वजन विचारलंच नाही आधी. विचारलं, लंगोट किती ओले होतात. मी अभिमानाने वही काढली, कालच्या दिवसात चौदा! दोघांचे मिळून चौदा म्हणजे एकाचे सात, आणि सहाच्या वर असले की पुरे, हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आंटी, दोनों के अलग गिनते हो?"

काय सांगू तुम्हाला, बत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की सरासरीवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, एक पाय बर्फात आणि एक चुलीत असला तर सरासरीने माणूस मजेत असतो, आणि मीच दोन बाळांची सरासरी काढून बसले होते. लंगोटं सगळी आमच्या जुन्या पांढऱ्या धोतराची, दोरीवर सगळी सारखीच. मग त्या दिवशी छोटीची लंगोटं एका निळ्या काठाच्या जुन्या साडीतून फाडली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा हिशोब, पांढरी नऊ, निळी पाच. दूध कमी नव्हतं, वाटणी चुकत होती. मुलगा जोराने ओढायचा, छोटी पाच मिनिटांत छातीवरच झोपून जायची आणि आम्ही म्हणायचो किती गुणी आहे.

काट्याचा संशय माझ्या मनात होताच. मी त्याच दुपारी किराण्यातून एक किलोची मिठाची सीलबंद पुडी घेतली आणि क्लिनिकमध्ये जाऊन काट्यावर ठेवली. प्लॅस्टिक धरून किलोच्या थोडं वरच भरायला पाहिजे ना, काट्यावर आले ९४० ग्रॅम. कंपाउंडर म्हणाला बॅटरी डाउन असेल. म्हणजे काटा सहा टक्के कमी दाखवत होता, चूक सगळ्या वजनाला सारख्याच प्रमाणात धरली तर छोटी कपड्यासकट १ किलो ९१५, कपड्यांचे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम काढले तर १ किलो ८७०. वजन घटलं नव्हतंच, वाढलं होतं! किराणावाल्याच्या काट्याला नापतौल विभागाचा शिक्का लागतो, पाव किलो शेव मोजायला. बाळाच्या काट्याचा शिक्का आपल्यापैकी कधी कोणी बघितलाय का?

नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या त्याच जुन्या काट्यावर, दोघांना उघडं करून, मुलगा २ किलो २६० आणि छोटी १ किलो ९०५. म्हणजे पाच दिवसांत छोटीचे रोजचे तेराच ग्रॅम. आता इथे काट्याची चूक नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला पाहिजे, तिचं खरंच कमी होतं, पण कारण वेगळं होतं. डॉक्टरीणबाईंनी डबा बंद करायला सांगितला आणि रागावल्या नाहीत, ह्याचं मला फार बरं वाटलं. छोटीला आधी घ्या, दर दोन-अडीच तासांनी गजर लावून उठवा, कपडे काढा, तळपाय चोळा, आणि पाजून झाल्यावर थोडं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्या. दोघांना एकदम पाजायचं असेल तर काखेत धरून, पाय मागच्या बाजूला, खाली उशा. आमच्या घरातल्या सगळ्या उशा आणि एक लोड त्या कामाला लागला, जावई त्याला किल्लेबंदी म्हणायचे.

सोळाव्या दिवशी छोटी २ किलो ६० ग्रॅम, म्हणजे आठवड्यात रोजचे २२ ग्रॅम, आणि निळी लंगोटं सात-आठ. पावडरचा डबा परत काढावा लागला नाही.

तर साहेब, माझं म्हणणं इतकंच आहे की तसा तक्ता छापताना त्याच्या शेजारी हेही छापा, की आधी वजन उतरतं, लवकर झालेल्या बाळांचा हिशोब वेगळा, मुलगा-मुलीच्या वाढीच्या रेषा वेगळ्या, वजन एकाच काट्यावर आणि उघड्या अंगाने करायचं, आणि जुळ्यांची सगळी नोंद, लंगोटंसुद्धा, वेगवेगळी ठेवायची. आणि ती "दूध कमी पडतंय" वाली ओळ कृपया परत छापू नका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतोच आहे, तेव्हा छापलंत तर बरं.

मिठाची ती पुडी मी अजून फोडली नाहीये. लोकमान्य नगरमध्ये कोणाला आपल्या क्लिनिकचा काटा बघायचा असेल तर खुशाल घेऊन जा, फक्त परत आणून द्या.

आपली नियमित वाचक,
एक रिटायर्ड गणिताची बाई,
लोकमान्य नगर, इंदूर