केमिस्ट्री आधी धर

चि. ओंकारला,
अनेक आशीर्वाद.

फार्मासिस्ट व्हायचं म्हणून, इकॉनॉमिक्सची डिग्री हातात असताना पुन्हा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात बसायचं, लोक काय म्हणतील, हे तुझं परवाचं बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. साताऱ्याच्या मावशीला फार्मसी म्हणजे बारावी, सीईटी आणि चार वर्षं बी. फार्म. एवढंच माहीत. तिकडे तसंच आहे. इथे अमेरिकेत फार्म. डी. या फार्मासिस्टच्या डिग्रीच्या आधी ठरावीक विषय झालेले लागतात आणि ते डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजात केलेले चालतात. कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी, इकॉनॉमिक्स तुझं डिग्रीतच झालंय. राहिलं ते सायन्स.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: केमिस्ट्री पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे पहिल्याच तीन महिन्यांच्या सत्राला धर. बाकीचे विषय मागेपुढे करता येतात, हिचं तसं नाही. जनरल केमिस्ट्रीचे तीन क्वार्टर ओळीने, ते झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, आणि ऑरगॅनिकचे पुन्हा तीन. घाई केलीस तरी जवळजवळ दोन वर्षं यातच जातात. मध्येच कॉलेजही बदलू नकोस. सेमिस्टरवाल्या कॉलेजात तेच दोन भागांत शिकवतात. अर्धं इथलं, अर्धं तिथलं जोडायला गेलं की मधलं काहीतरी सुटतं.

ऑरगॅनिक पाठ करून निघत नाही, बाळा. डी. फार्म.ला, तिकडच्या फार्मसी डिप्लोमाला असताना आम्ही वह्याच्या वह्या भरायचो. इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठे गेला, बाण काढून दाखवायचं. पुस्तकात बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढायला घे. जिथे हात अडेल तिथून अभ्यास सुरू कर.

आता हे नीट ऐक. फार्मकॅसच्या, म्हणजे फार्मसी स्कूलांच्या सामायिक अर्जात आजवरच्या झाडून सगळ्या कॉलेजांचे मार्क द्यावे लागतात. विषय पुन्हा घेतलास तरी आधीचा ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. पीसीएट ही फार्मसीची प्रवेशपरीक्षा २०२४ मध्ये बंदच झाली, म्हणजे मार्क भरून काढायला तीही वाट उरली नाही. म्हणून नोकरी सांभाळून लॅबचे दोन विषय एका क्वार्टरला घेऊ नकोस. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी तिसऱ्या वर्षावर गेलं तर जाऊ दे. फी कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला युनिटला ३१ डॉलर, केमिस्ट्रीचा एक कोर्स पाच युनिटचा. त्यासाठी कर्ज काढू नकोस, ते पुढे फार्म. डी.ला लागणारच आहे.

तू विचारलंस, मला हे काम का आवडायचं. साताऱ्याला दुकानात असताना एक आजी दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या, एक तापाची, एक सर्दीची, दोन वेगळ्या डॉक्टरांच्या. पाकिटं वेगळी, नावं वेगळी. मी मागची बारीक अक्षरं वाचली, दोन्हींत पॅरासिटामॉल. शिवाय घरातली तिसरी गोळी त्या आधीच घेत होत्या, तीही तीच. त्यांना बाकावर बसवलं, डॉक्टरांना फोन लावला आणि कोणती गोळी थांबवायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ते काम मला इथे करता आलं नाही. तुला करावंसं वाटतंय याचा मला फार आनंद आहे.

शनिवार-रविवारी जवळच्या फार्मसीत क्लार्कचं काम मिळतंय का बघ, त्याला लायसन्स लागत नाही. दिवसभर उभं राहून, इन्शुरन्सवरून चिडलेली माणसं बघून मग ठरव. आणि ज्या स्कूलना अर्ज करणार, त्यांना आत्ताच ईमेल करून विचार की बायोकेमिस्ट्री कुठली चालेल. काही ठिकाणी ती चार वर्षांच्या विद्यापीठातलीच लागते. उत्तर लेखी घे, जपून ठेव.

डी अँझाचा अर्ज या आठवड्यात भर. नव्या मुलांना रजिस्ट्रेशनची तारीख उशिराची मिळते आणि लॅबच्या जागा आधी संपतात. तारीख कळली की फोन कर, बाबाही वाट बघतायत.

तुझी,
आई