डेफलिम्पिकला पॅरालिम्पिकच्या पंक्तीला बसवा

प्रति,
मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोला झालेल्या डेफलिम्पिक या कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत भारताने २० पदकं मिळवली. त्यातली ९ सुवर्ण, आणि पदकतालिकेत सहावा क्रमांक. १६ पदकं एकट्या नेमबाजीत आली. प्रांजली धुमाळने तर दोन सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. आपल्या मंत्रालयाला हे सगळं ठाऊक आहेच. तरी मुद्दाम लिहिते, कारण मी कर्णबधिर मुलांना खेळ शिकवते आणि अशी एखादी स्पर्धा असते हेच आमच्या बहुतेक पालकांना माहीत नव्हतं. त्यांना वाटतं, आपलं मूल चांगलं खेळलं तर पॅरालिम्पिकला जाईल.

ते जाऊ शकत नाही. पॅरालिम्पिकमध्ये केवळ ऐकू न येणाऱ्या खेळाडूंसाठी गटच नाही. कर्णबधिरांची जागतिक क्रीडा संघटना १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीतून बाहेर पडली. त्यांची स्वतःची स्पर्धा पॅरिसला १९२४ मध्येच सुरू झाली होती, म्हणजे पहिल्या पॅरालिम्पिकच्या ३६ वर्षं आधी. आमच्या मुलांना जगाच्या मैदानावर जायचं, तर हा एकच रस्ता मुख्यत्वे उरतो. दीक्षा डागरसारखी गोल्फपटू ऑलिम्पिक आणि डेफलिम्पिक दोन्ही खेळते, पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणूनच केंद्राच्या रोख पुरस्कारांत डेफलिम्पिकचं सुवर्ण पॅरालिम्पिकच्या सुवर्णाच्या इतकं खाली का, हे मला मुलांना समजावता येत नाही. सराव तेवढाच, चार वर्षांची वाट तेवढीच, छातीवर तिरंगाही तोच. पैलवान वीरेंदर सिंग यांनी मेलबर्न, सोफिया आणि तुर्कीतलं सॅमसुन अशा तीन डेफलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ते पदकं घेऊन दिल्लीच्या हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसले. हरियाणा सरकारकडे मागणी एकच होती, पॅरा खेळाडूंना देता तेवढंच आम्हालाही द्या. त्याआधी २०१७ मध्ये सॅमसुनहून परतलेला आपला संघ दिल्ली विमानतळावरून हलायलाच तयार नव्हता, कारण स्वागताला मंत्रालयाचं कुणी आलं नव्हतं. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलहून आलेल्या संघाला पंतप्रधानांनी घरी बोलावलं, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण सत्कार एका दिवसाचा असतो. मधली चार वर्षं कशी जातात, ते मैदानावर येऊन पाहावं लागतं.

तालुक्याच्या स्पर्धेत स्टार्टर पिस्तूल उडवतो. आमची मुलं ओणवी होऊन शेजारच्या धावपटूच्या खांद्याकडे बघत असतात. खांदा हलला की ती निघतात. शंभर मीटरच्या शर्यतीत एवढा उशीर म्हणजे शर्यत तिथेच संपली. डेफलिम्पिकमध्ये प्रत्येक मार्गिकेसमोर दिवा असतो. लाल लागला की जागेवर, पिवळा लागला की तयार, हिरवा लागला की धाव. फुटबॉलचा पंच शिट्टीबरोबर झेंडाही हलवतो. असा दिवा आमच्या मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो.

श्रवणयंत्राचंही तसंच. स्पर्धेत यंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो, नियमच आहे. वर्षभर यंत्र लावून सराव केलेल्या मुलीचं ते काढलं की तिचा तोलच बिघडतो, भेदरून ती आजूबाजूला बघत राहते. तिचा सरावही यंत्राविना व्हायला हवा आणि ते समजणारा प्रशिक्षक हवा. शिबिरात प्रशिक्षक सगळ्यांना एकत्र बसवून सूचना देतात. आमची मुलं मान डोलावतात. कळलेलं काहीच नसतं, पण पुन्हा विचारायची लाज वाटते. तिथे सांकेतिक भाषेचा दुभाषी नसेल, तर शिबिराचे ते दिवस वाया जातात.

आणखी एक गोष्ट, जिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. डेफलिम्पिकला दोन कानांपैकी ज्याने जास्त ऐकू येतं त्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र श्रवणदोषाची व्याख्या ६० डेसिबलपासून सुरू होते, तीही दोन्ही कानांत. ५७ डेसिबलचं मूल डेफलिम्पिकमध्ये भारताकडून खेळू शकतं, पण गावी त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही. मग शिष्यवृत्ती नाही, नोकरीतलं आरक्षणही नाही. अशा खेळाडूची आंतरराष्ट्रीय पात्रता हाच पुरावा मानून त्याला क्रीडा योजनांचा लाभ द्यावा, हे आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहायला नको.

पुढची स्पर्धा २०२९ ला आहे. बक्षिसाची रक्कम पॅरालिम्पिकइतकी करा, ही पहिली विनंती. ऑलिम्पिकच्या तयारीसाठी खेळाडूंना मदत देणाऱ्या केंद्राच्या टॉप्स योजनेसारखा चार वर्षांचा आधार डेफलिम्पिकच्या खेळाडूंना आत्तापासून, नावानिशी जाहीर करा. आणि जिथे राष्ट्रीय शिबिर असेल तिथे दुभाषी पहिल्या दिवसापासून असू द्या, विमानात बसायच्या आधीच्या आठवड्यात नको. राज्यागणिक एका तरी सिंथेटिक ट्रॅकवर शर्यत सुरू करणारे दिवे बसवायला किती खर्च येईल? एका सत्कार समारंभाच्या मांडवापेक्षा तो फार जास्त नसावा, असं मला वाटतं.

या पत्राला उत्तर द्याल अशी आशा आहे. देताना त्यासोबत भारतीय सांकेतिक भाषेतली चित्रफीतही पाठवावी. आपण काय म्हणालात ते मुलांना माझ्याकडून कळायला नको, थेट आपल्याकडून कळू दे.

आपली,
कर्णबधिर मुलांची एक क्रीडाशिक्षिका