दिल्या, शेजाऱ्याच्या झेंड्यावरून

प्रिय दिल्या,

ग्रुप सोडून गेलास त्याला वर्ष होत आलं. मधे दिवाळीला एक पणतीचा फोटो पाठवलास, तोही फॉरवर्डेड, मी अंगठा दाखवला, संपला विषय. आपल्यात अंगठा! म्हणून आज मीच लिहायला बसलोय. माघार घेतली असं समजू नकोस, त्या भांडणात माझंच बरोबर होतं आणि मराठी बोलला नाही म्हणून मीरा रोडच्या त्या दुकानदाराच्या थोबाडीत मारणं म्हणजे अस्मिता नव्हे हे मी आजही म्हणेन, तुझ्या तोंडावर म्हणेन. पण इकडे बर्मिंगहॅमला एक गोष्ट झालीये, इथल्यांना सांगावी तर ते घाईघाईने कुणाची तरी बाजू घेतात आणि घरात सांगितली तर महाभारत. झालंच ते.

तब्येत बरी. शुगर बॉर्डरवर, गोळी चालू, कंबर आहे तशीच. मनीषाच्या नाइट्स कमी झाल्यात. एवढंच.

तर डेव्ह. ज्याने तुला २०१९ ला ती कोमट बिअर पाजली आणि तू ‘काढा आहे’ म्हणालास तो. तुझी ती केशरी जर्सी त्याला अजून आठवते, मधेच विचारतो, हाउज युवर ऑरेंज फ्रेंड. एजबॅस्टनला आपण हरलो तरी तू मॅचपेक्षा धोनी आणि आपल्या केदार जाधववर जास्त चिडला होतास, शेवटच्या ओव्हर्समधे एकेक रन काढत बसले म्हणून. डेव्ह मात्र मॅचबद्दल काही बोललाच नव्हता. नंतर कधीतरी सहज म्हणाला, बर्मिंगहॅमच्या ग्राउंडवर इंग्लंड आणि मला स्टँडमधे पाव्हण्यासारखं बसावं लागलं. हसून म्हणाला, मीही हसलो. तेव्हा ते डोक्यात राहिलं नव्हतं, आता राहिलंय.

गेल्या वर्षी पाडव्याला आपली गुढी वाऱ्याने त्याच्या हेजमधे जाऊन पडली होती, तांब्याला पोचा. यंदा तो स्वतः शिडी घेऊन आला. मी वर खिडकीत, तो खाली, दातात केबल टाय धरून. लाँगब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात जन्म गेला माणसाचा, २००५ ला तो बंद पडेपर्यंत, त्यामुळे गोष्ट एकदा बांधली की हलत नाही. बांधता बांधता विचारलं हे काय असतं. मी सांगितलं, नवं वर्ष, विजय वगैरे, शालिवाहन गाळला. म्हणाला, म्हणजे विजयाचा झेंडाच की. म्हटलं तसंच समज. मग बराच वेळ वर बघत उभा राहिला, रेशमी खणाकडे, साखरेच्या गाठीकडे, आणि नाइस म्हणून शिडी घेऊन गेला.

आणि गेल्या आठवड्यात बिन बाहेर काढताना, माझ्याकडे न बघता बिनच्या झाकणाकडे बघत म्हणाला की २३ तारखेला सेंट जॉर्ज डे (इंग्लंडच्या संताचा दिवस) आहे, घराच्या पुढच्या भिंतीला झेंडा लावायचा विचार आहे, ‘तुझी आणि मनीषाची हरकत नाही ना?’

दिल्या, इंग्लंडमधे, स्वतःच्या घरावर, इंग्लंडचा झेंडा लावायला तो मला विचारत होता. मला! मिरजेच्या माणसाला!

मी पटकन म्हटलं ऑफ कोर्स, तुझं घर आहे. जरा जास्तच पटकन. तर म्हणाला, घर माझंय ते माहितीये, मी विचारतोय.

तुला इथलं गेल्या उन्हाळ्याचं सांगितल्याशिवाय यातली मेख कळणार नाही. जुलै २०२५ च्या शेवटी इंग्लंडच्या मुली फुटबॉलचा युरो जिंकल्या, स्पेनला पेनल्टीवर हरवून, क्लोई केलीने शेवटची मारली. आमच्या सईने दोन्ही गालांवर लाल क्रॉस रंगवला होता, तो उशीला लागला, मनीषाने उशी धुताना मला ऐकवलं (मी काय केलं होतं?). डेव्हने सईला एक छोटा झेंडा दिला, तिने तो सायकलला लावला. आणि मग ऑगस्ट लागला नाही तोच आमच्याच बाजूला, विओली कॅसल आणि नॉर्थफील्डला, दिव्याच्या खांबांवर रातोरात तेच झेंडे. शेकडो. काही युनियन जॅक, म्हणजे सगळ्या ब्रिटनचा, बाकी सगळे सेंट जॉर्ज, पांढऱ्यावर लाल क्रॉस, फक्त इंग्लंडचा. रस्त्यावर ते छोटे पांढरे गोल असतात बघ, मिनी राउंडअबाउट, त्यांच्यावरही लाल क्रॉस रंगवला, की झालाच झेंडा, आणि तू त्याच्यावरून गाडी घालायची का वळसा मारायचा हे ठरव. मग लोण देशभर गेलं. त्याच सुमाराला एपिंगला शरणार्थी ठेवलेल्या हॉटेलपुढे निदर्शनं चालू होती, सप्टेंबरच्या १३ तारखेला लंडनमधे त्या कट्टर उजव्या टॉमी रॉबिन्सनच्या मोर्चाला लाखाच्या वर माणूस, आणि सगळ्यांच्या हातात सईच्या सायकलवरचा झेंडा. तिने तो स्वतःच काढून ठेवला. मी काही बोललो नव्हतो, शप्पथ.

खांबावरचे झेंडे कौन्सिल काढणार म्हटल्यावर आमच्या फार्मसीच्या काउंटरवर रोज तोच विषय. शहरात सफाई कामगारांचा संप, कचऱ्याच्या पिशव्या रस्त्यावर, आणि यांना झेंडे काढायला माणसं मिळतात! पॅलेस्टाइनचे झेंडे राहिले तेव्हा कुठे होते! हे बोलणारी बाई वीस वर्षं माझ्याकडून बीपीच्या गोळ्या नेते, मला ‘लव्ह’ म्हणते, आणि बोलून झाल्यावर ‘तुला नाही म्हणत हं’ असं म्हणते. या ‘तुला नाही म्हणत’चं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

मनीषाचं म्हणणं सरळ आहे. डेव्ह चांगला आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्याच्या बायकोच्या शेवटच्या महिन्यात तीच जाऊन बसायची. पण ती म्हणते, रात्री दहाला मी बस स्टॉपवर उभी असते तेव्हा झेंड्याखाली डेव्ह उभा आहे का दुसरं कोण हे मला कसं कळणार? २०२४ ला साउथपोर्टला लहान मुलींचे खून झाले आणि त्यानंतर स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांना जोडीनेच बाहेर पडा म्हणून सांगितलं होतं, ते तिच्या अंगात बसलंय. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुझ्याकडेही नसणार.

तिच्याच वॉर्डातली कोट्टायमची नर्स तर वेगळ्याच आनंदात. तिच्या गावाजवळ पुथुपल्लीला याच सेंट जॉर्जचं मोठं चर्च, मे महिन्यात जत्रा, ती त्याला गीवर्गीस पुण्याळन म्हणते, भावाचं नावही गीवर्गीस. तिला कळतच नाही की आपल्या देवमाणसाचा दिवस आला की हे लोक असे चोरासारखे का होतात.

चोरासारखेच होतात रे. ३० नोव्हेंबरला स्कॉटलंडमधे सेंट अँड्र्यूची बँक हॉलिडे, सेंट पॅट्रिकला नॉर्दर्न आयर्लंडमधे सुट्टी, आणि आमच्या डिगबेथला तर मोठी परेड निघते, सगळे हिरवे. माझी सहकारी, खूप वाचलेली बाई, उदारमतवादी, गार्डियनवाली, ती दरवर्षी हिरवं घालून जाते, आयरिश रक्त एक थेंब नाही. तिला डेव्हचं सांगितलं तर तोंड असं केलं की दुधात माशी निघाली. म्हणाली, बिचारा तू, शेजारी असे. मी म्हटलं, अगं माणूस चांगला आहे. तर म्हणे, एकेकटे सगळे चांगलेच असतात.

हे तोंड मी आधी पाह्यलंय. तूही पाह्यलंयस. पुण्यात शिवजयंतीला तू बाइकला भगवा लावून आलास आणि मी मागे बसेना, तेव्हा आपल्या त्या प्रभात रोडवाल्या मंडळींनी केलं होतं. तू म्हणालास, माझ्या झेंड्याचा अर्थ हे कोण ठरवणार. मी म्हणालो, रस्त्यावर आणलास की बघणारा ठरवणार. मग तू मला डेक्कनपर्यंत चालायला लावलंस, ते मी विसरलेलो नाही.

इथेही जातीसारखंच काहीतरी आहे त्यात. २०१४ ला रॉचेस्टरच्या पोटनिवडणुकीत लेबर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरीबाईंनी एका घराचा फोटो ट्विट केला होता, तीन झेंडे आणि दारात पांढरी व्हॅन (इथे ती कामगारवर्गाची खूण), खाली फक्त ‘इमेज फ्रॉम रॉचेस्टर’. एक वाईट शब्द नाही त्यात. तरी त्याच रात्री शॅडो कॅबिनेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रतिमंत्रिमंडळाचा, राजीनामा द्यावा लागला, कारण तो फोटो कुठल्या नाकाने काढलाय ते सगळ्या देशाला समजलं. म्हणजे यांना जोखणारे आपण नव्हेच, आपण आत्ता आलो. यांना जोखतात ते यांचेच शिकलेले. आणि मी इथे आल्यावर भाषेबरोबर ते नाक मुरडणंही त्यांच्याकडून उचललं असेन का, हे गेला आठवडाभर डोक्यात फिरतंय.

पण दुसरी बाजूही सोडता येत नाही. मी डेव्हला म्हटलं, मनीषाला जरा भीती वाटते. त्याला राग आला नाही. म्हणाला, सदुसष्ट-अडुसष्टपासून बघतोय. सासष्टच्या वर्ल्ड कप फायनलला वेम्बलीवर आम्ही युनियन जॅकच घेऊन होतो, मग सत्तरच्या दशकात तो नॅशनल फ्रंटने (वर्णद्वेष्टा पक्ष) नेला, आम्ही नेऊ दिला. शहाण्णवच्या युरोला फुटबॉलसाठी हा क्रॉस बाहेर काढला, तो आता हे घेऊन चाललेत. ‘किती झेंडे देऊ मी त्यांना?’

आता याला काय बोलणार?

तरी मी एक बोललो. म्हटलं, आयरिश माणसाचा झेंडा ‘आम्हीही आहोत’ म्हणतो, तुमचा लावला की लोकांना ‘आम्हीच आहोत’ ऐकू येतं. तो विचार करून म्हणाला, मी तर अजून काहीच म्हणालेलो नाही. (तू असतास तर टाळी दिली असतीस त्याला. हरामखोर.)

सईचं अजून वेगळंच. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं, तू ब्रिटिश असशील पण इंग्लिश नाहीस. जन्म इथला, शिव्या इथल्या, आपल्याशी बोलताना मराठीत सगळी वाक्यं ‘मी करते आहे जाणं’ अशी. तिने मला विचारलं, खरंय का? मी काय सांगू, इथे ऋषी सुनकवर तोच वाद झाला, साउदॅम्प्टनला जन्मलेला माणूस, पंतप्रधान होऊन गेलेला, तो इंग्लिश का नाही यावर, आणि माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमनने, वडील मूळ गोव्याचे, स्वतः लिहिलं की मी इंग्लिश नाही. मग सईने मोठ्या माणसासारखा प्रश्न टाकला, जनगणनेत तू माझं काय लिहिलंस? ब्रिटिश लिहिलं. का? कारण तो चौकोन वर होता! अरे खरंच, २०११ ला इंग्लंड-वेल्समधे ‘फक्त इंग्लिश’ म्हणणारे ५७.७ टक्के होते, २०२१ ला १४.९ वर आले, आणि त्याचं एक मोठं कारण हेच की फॉर्मवर ब्रिटिशचा चौकोन पहिल्या नंबरला घेतला. देशाभिमान देशाभिमान म्हणतात तो हा.

मला खरं काय सलतंय सांगू? त्याने फक्त आम्हाला विचारलं. पलीकडच्या पोलिश कुटुंबाला नाही, समोरच्या गोऱ्या म्हातारीला नाही. विचारलं म्हणून कुठेतरी लागलं, की इतकी वर्षं राहून मी याच्या लेखी दुखावला जाणाराच. आणि न विचारता लावला असता तर मी पडद्याआडून बघत बसलो असतो, याला काय झालं म्हणून. म्हणजे त्याने करायचं काय? आणि मी गुढी उभारताना, एजबॅस्टनला आपण ढोल बडवताना, कुणाला विचारलं होतं? तुझं ग्रुपवरचं शेवटचं वाक्य तेच होतं ना, तिकडे तुम्ही गोऱ्यांच्या देशात गुढ्या उभारता त्याचं कौतुक आणि आम्ही आमच्या गावात मराठी बोला म्हटलं की गुंड. मी त्यावर उत्तर टाईप करेपर्यंत तू लेफ्ट. उत्तर अजून ड्राफ्टमधे आहे, पण डेव्हला बघून त्यातला दुसरा परिच्छेद काढून टाकला. पहिला ठेवलाय.

बरं, तुझं? शर्वरीची बारावी संपली असेल, कुठे घालणार, पुण्यालाच ना? काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं झालं का? वहिनींना सांग मेतकूट पोचलं, संपलंसुद्धा. दुकानाच्या पाटीचं काय झालं, मोठ्या अक्षरात केलीस म्हणे, सुहास सांगत होता. फोटो पाठव, टोमणा मारणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी डेव्हकडे ‘पाय’ (खायचा, इंग्रजी pie) आणि चहा आहे, आम्हा तिघांना बोलावलंय. सई गाल रंगवून जाणार हे ठरलं, मनीषा ड्युटीचं कारण काढून ठेवतेय, मी मधे. ‘लाव की बिनधास्त’ असं तू डेव्हला म्हटलं असतंस हे मला माहितीये. त्याच्या पुढचं विचारतोय. तो फोटो काढणार, माझ्या खांद्यावर हात टाकून, झेंडा मागे, आणि फेसबुकवर टाकणार, खाली माय नेबर वगैरे लिहून, आणि त्याचे ते ‘तुला नाही म्हणत’वाले सगळे लाइक करणार. उभा राहू का नको?

बुधवारच्या आत कळव. मेलवरच लिही, फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो.

तुझा,
विन्या