मावशी, त्या दुपारचे आभार राहिले होते

प्रिय मावशी,

सलाम.

"आभारबिभार नको, गोळ्या वेळेवर घे," असं तुम्ही म्हणालात. गोळ्या वेळेवर घेते आहे. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ते चारचौघांतच मानायचे आहेत. मला जे ऐकावं लागलं तेही चारचौघांतच ऐकावं लागलं होतं. तुमचं नाव लिहीत नाही, तशी तुमची ताकीद आहे. आपल्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मी गेलेच नाही. दुःख म्हणावं तर रडू येत नव्हतं. पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर कोणी वरवंटा ठेवून गेल्यासारखं वाटायचं. ब्रशवर पेस्ट घ्यायची आणि तशीच बेसिनपाशी उभी राहायची, पुढे हात उचलायचाच नाही. धाकट्याने एकदा विचारलं, "मम्मी, तू माझ्यावर रागावलीस का?" त्याला उत्तर द्यायलाही तोंड उघडवेना. जो तो कारण विचारायचा. घर आहे, नोकरी आहे, नवरा चांगला आहे, मग झालं काय? काहीच झालं नव्हतं. ते कोणाला पटत नव्हतं आणि मलाही पटत नव्हतं, म्हणून मी स्वतःलाच दोष देत बसले होते.

नाताळाच्या आधी प्रार्थनेला घरी आठ जण आले. मी कॉटवर आणि ते सगळे भोवती उभे. माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना झाली. मग एकाने विचारलं, कोणतं पाप लपवून ठेवलं आहेस? दुसऱ्या बाई म्हणाल्या, खऱ्या विश्वासणाऱ्याला निराशा येतच नाही, आनंद हे तर आत्म्याचं फळ आहे. तेव्हा मी फक्त झोपेची गोळी घेत होते. तीही बंद कर, प्रभूवर भरवसा ठेव, असा सल्ला मिळाला. जाताना त्यांनी चहा घेतला, कपबशा ओट्यावर ठेवल्या आणि गेले. त्यांच्यापैकी एकही जण पुन्हा आला नाही. हे मी राग काढायला लिहीत नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की देवानेही माझ्याकडे पाठ फिरवली, आणि हा विचार माझ्या डोक्यात प्रार्थनेला आलेल्या माणसांनी घातला होता. हे बोललं गेलं पाहिजे.

तुम्ही जानेवारीतल्या एका रविवारी आलात, उपासना सुटल्यावर. पांढरी साडी, हातात पिशवी. मला वाटलं, आता बायबल निघणार. निघाली खोबरेल तेलाची बाटली आणि जाड दातांचा कंगवा.

माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. दीड-दोन महिने कंगवा लागला नव्हता. मला स्वतःची एवढी लाज वाटायची की आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. आई कात्रीच लावायला निघाली होती. तुम्ही मला ओट्यावर उन्हात बसवलंत, मागे पाट घेऊन बसलात आणि टोकाकडून सुरुवात केलीत. एक बट धरायची, मुळाशी चिमटीत दाबायची म्हणजे ओढ बसत नाही, तेल चोळायचं, आधी बोटांनी मोकळं करायचं आणि मग कंगवा. तीस वर्षं वॉर्डात काढलेले तुमचे हात. मान एकदाही हिसडली गेली नाही. दोन तास तरी लागले असतील. "कशी करून घेतलीस गं ही अवस्था" हे वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. त्याची मी प्रत्येक बटेला वाट बघत होते.

आणि मध्येच, कंगवा न थांबवता, तुम्ही साध्या आवाजात विचारलंत, "जीव द्यावासा वाटतो का?"

तुम्ही मागे होतात. मला तुमचं तोंड दिसत नव्हतं आणि तुम्हाला माझं. म्हणूनच मी "हो" म्हणू शकले. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. तुमचा हात क्षणभर माझ्या डोक्यावर थांबला आणि मग पुढची बट धरलीत. "बरं झालं बोललीस. आता उद्या डॉक्टरकडे. मी येते बरोबर." एवढंच. वेणी घातलीत, शेवटी रिबीन बांधलीत, शाळेतल्या पोरीला बांधतात तशी. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी कुशीवर वळून झोपले.

डॉक्टरांचं सगळं इथे लिहीत नाही. आधी थायरॉईड आणि बी-बारा तपासलं, मग नैराश्याचं औषध सुरू झालं. पहिले काही दिवस मळमळ झाली आणि मी म्हटलं, उपयोग नाही. तुम्ही म्हणालात, ही डोकेदुखीची गोळी नव्हे, फरक दिसायला चार-सहा आठवडेही लागतात, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. हे तेव्हा सांगितलं नसतंत तर दहाव्या दिवशी मी ती पाकिटं कचऱ्यात टाकली असती.

मग तुमची ती शंभर पानी वही. उठले, आंघोळ, जेवले, गोळी, ऊन. पाच रकाने आणि केलं की बरोबरची खूण. "मन लागलं की करू, असं म्हणायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं." सकाळी साडेसहाला तुमचा मिस्ड कॉल. तो आला की फक्त पाय जमिनीला लावायचे. मग चहाचा कप घेऊन ओट्यावर ऊन खात बसायचं. फेब्रुवारीत गल्लीच्या टोकापर्यंत, मार्चमध्ये किराणा दुकानापर्यंत. काही पानांवर दिवसभरात एकच खूण आहे. त्या दिवशीही तुम्ही वही बघून "एक आहे ना" म्हणालात. वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही तुमचा नंबर लिहिलात आणि त्याखाली 14416. टेली-मानसचा, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीही लागणारा. "मी झोपलेली असले तर हा लाव. मराठीत बोलतात." मी दोनदा लावला, मावशी. तुम्हाला हे आजच कळतंय.

प्रार्थना करता येत नाही म्हणून मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं एकच वाक्य म्हण: आमची रोजची भाकर आज आम्हास दे. "आज" म्हटलंय बघ, वर्षाची मागितलेली नाही. गोळी घेताना मी तेवढंच म्हणायचे. आणि एका संध्याकाळी तुम्ही स्तोत्र 88 वाचलंत. मला वाटलं, शेवटी धन्यवाद येईल, बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत बहुतेक येतो तसा. यात आलाच नाही. शेवटच्या ओळीतही काळोखच आहे. तुम्ही बायबल मिटलंत आणि पुढे एक शब्द बोलला नाहीत. माझ्यासारख्याच कोणाची तरी हाक पवित्र शास्त्रात जशीच्या तशी ठेवली आहे, ती कोणी खोडली नाही, हे कळल्यावर मी रडले. पाच महिन्यांनी आलेलं ते पहिलं रडू.

"खऱ्या विश्वासणाऱ्याला असं होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेली स्पर्जनची गोष्टही इथे लिहून ठेवते. लंडनचा एवढा मोठा उपदेशक. 1856 साली, वयाच्या 22व्या वर्षी, त्याच्या सभेत कोणीतरी "आग" म्हणून ओरडलं, चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसं गेली. त्यानंतर बायबल नुसतं दिसलं तरी त्याला रडू कोसळायचं. पुढे आयुष्यभर हा आजार अधूनमधून परत यायचा, आणि तो हे विद्यार्थ्यांपुढे उघड बोलायचा. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला आपल्यातलं कोण पुढे येईल?

आपल्या समाजात घरटी एखादी नर्स नाहीतर शिक्षिका निघतेच. या बायकांनी आयुष्यभर परक्यांच्या जखमा धुतल्या, परक्या पोरांची नाकं पुसली. उपासनेत त्या मागच्या बाकावर बसतात, साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभ्या राहत नाहीत. मला आता वाटतं, माझ्यासाठी मंडळी म्हणजे त्या मागच्या बाकावरच्या बायका. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो धडा आपण दर वर्षी वाचतो. मी तो माझ्या डोक्यावर अनुभवला.

जूनमध्ये शाळेत रुजू झाले. सगळं गेलं असं नाही. पावसाळी दिवस जड जातात, मागच्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा वरवंटा आला होता. पण वहीत आंघोळ आणि गोळी आहे, दोन्ही दिवशी.

ती वही संपली, मावशी. नवी आणली आहे, दोनशे पानी, रकाने मीच आखले. आणि एक सांगायचं होतं. हल्ली मला साडेसहाच्या आधीच जाग येते. तरी तुमचा कॉल बंद करू नका. फोन वाजेपर्यंत मी तशीच पडून असते.

तुमची,
ओट्यावरची लेक