रंग शेवटी लावायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

शाल-श्रीफळाला तुम्ही हात लावला नाहीत, मानधनाचं पाकीट तसंच परत पाठवलंत आणि वर ‘माझं नाव कुठे छापू नका’ असं बजावलंत. तेव्हा नाव लिहीत नाही. आभार मानू नका असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून आमची जुनी इमारत तपासून तिची दुरुस्ती नीट करून घेतलीत त्याबद्दल हे उघड पत्र. शिवाय पुण्यातल्या आमच्या डहाणूकर कॉलनीत आमच्यासारख्या इमारतींना तोटा नाही, आणि तिथले सेक्रेटरी मला भाजीवाल्यापाशी गाठून विचारतात की तुमच्याकडे नेमकं काय काय केलंत. त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

आमची इमारत १९८४ची. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर पुणं पेठांबाहेर पसरत गेलं आणि पुढे कोथरूडच्या शेतजमिनींवर अशा इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्या सगळ्या आता एकदमच चाळिशीच्या झाल्यात. आणि प्रत्येकीच्या रहिवाशांचा अभिमानाचा विषय एकच: ‘आमचा मेंटेनन्स कॉलनीत सगळ्यात कमी!’ कमी असणारच. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची पुंजी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. आम्ही दोन्ही नेमाने जमा करत होतो, पण तो बांधकाम खर्च १९८४चा! त्या काळच्या खर्चावर काढलेल्या टक्क्यांत आजच्या भावाने गच्चीसुद्धा होत नाही. सभेला जास्त दर ठरवता येतो हे तुम्ही पान उघडून दाखवलंत, तेव्हा खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुम्ही आलात तेव्हा आमच्यात सरळ दोन तट पडलेले होते. एकांना रिडेव्हलपमेंट हवं होतं, ताबडतोब. दुसऱ्यांना या वयात भाड्याच्या घरात जायचं नव्हतं. त्यात एका बिल्डरच्या माणसाने एक गुळगुळीत कागदावरचा रिपोर्ट आणून दिला होता. पोपडे उडालेल्या छज्जांचे रंगीत फोटो आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत ‘धोकादायक’. तो वाचून पहिल्या मजल्यावरच्या आजी रात्री झोपेनात. तुम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलात आणि एवढंच विचारलंत, ‘यात चाचण्यांचे आकडे कुठायत?’ नव्हतेच. आकड्यांशिवाय इमारत धोकादायकही म्हणता येत नाही आणि सुरक्षितही, हे तुमचं म्हणणं दोन्ही तटांना पटलं, कारण ते दोन्ही तटांना सारखंच गैरसोयीचं होतं.

मग रीतसर चाचण्या झाल्या. काँक्रीटचा कठीणपणा बघणारा रिबाउंड हॅमर झाला, ध्वनिलहरी आरपार सोडणारी अल्ट्रासोनिक झाली, काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढले. त्यातलं सगळं मला कळलं असा दावा नाही. पण पार्किंगमधली ती एक चाचणी मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही आधी नुसत्या हातोडीने कॉलम वाजवत गेलात. खणखणीत वाजला की पुढे, बद्द वाजला की खडूची खूण. मग खूण केलेल्या जागी छिन्नीने टवका काढलात, धूळ फुंकलीत आणि छोट्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलंत. आतला काँक्रीट बघता बघता गडद गुलाबी झाला. बाहेरचा थर मात्र राखाडीचा राखाडी. फिनॉल्फ्थॅलीन, दहावीच्या प्रयोगशाळेतलं! सोसायटीतली पोरं ‘परत, परत’ करत नाचायला लागली आणि तुम्ही त्यांनाही दम न देता समजावलंत. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतो, त्यात सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि तो गुण बाहेरून आत मरत जातो. जिथे गुलाबी रंग येत नाही तिथे तो मेलेला. मग पट्टी लावून तुम्ही राखाडी थर मोजलात आणि सळई किती आत आहे तेही मोजलंत. बहुतेक कॉलमात सळई अजून गुलाबी भागात होती. डक्टच्या, म्हणजे सांडपाण्याचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या, खालच्या दोन कॉलमात मात्र राखाडी भाग सळईच्याही मागे गेलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या दाबाने वरचा काँक्रीट फुटतो आणि आपण त्याला ‘प्लास्टर सुटलं’ म्हणतो. भिंतीचे पोपडे आम्ही इतकी वर्षं बघत आलो होतो. कुठला पोपडा नुसता पोपडा आहे आणि कुठल्यामागे सळई कुजतेय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

पण तेच दोन कॉलम का? तर पाणी. तुमचा सगळा रोख पहिल्यापासून पाण्यावर. आधी पाणी थांबवा, मग लोखंड बघा, रंग सगळ्यात शेवटी. कमिटीतल्या निम्म्यांना गणपतीच्या आधी रंग हवा होता, कारण रंग दिसतो. ओल्या भिंतीला लावलेला महागातला रंग दोन पावसाळ्यांत फुगतो, हे आमच्याच मागच्या रंगकामाचे फुगे दाखवून तुम्ही पटवलंत.

आणि त्या पाण्यापायीच आमच्याकडचं सगळ्यात जुनं भांडण मिटलं. ते तुम्हाला किरकोळ वाटेल, आम्हाला नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायचं आणि वरच्या बिऱ्हाडाशी त्यांचं बोलणं बंद होतं. आतल्या संडास-बाथरूमची गळती असेल तर खर्च सभासदाचा, सामाईक पाइपची किंवा गच्चीतून येणाऱ्या पावसाची असेल तर सोसायटीचा, हे सगळ्यांना तोंडपाठ. गळती कुणाची, एवढाच वाद. तुम्ही वाद ऐकूनच घेतला नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या नहाणी ट्रॅपमध्ये लाल रंग ओतलात आणि ‘उद्या बघू’ म्हणून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी खालची ओल जशीच्या तशी, बिनरंगाची. मग तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात रंग ओतायला लावलात आणि संध्याकाळी आजींच्या छताला लाल थेंब! डक्टमधल्या बिडाच्या पाइपचा सांधा गेला होता आणि त्यात पिंपळाने मूळ घातलं होतं. पाइप सामाईक, खर्च सोसायटीचा. त्या दिवाळीत आजींच्या चकल्या वरच्या मजल्यावर गेल्या. तुमच्या रिपोर्टात याची नोंद नाही, म्हणून इथे करून ठेवते.

गच्चीवर तुम्ही जरा कडकपणे वागलात, आणि बरं केलंत. आमच्या गच्चीवर मूळचा ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर), त्यावर पुन्हा कोबा, त्यावर चायना मोझॅक, त्यावर डांबरी शीट. दर कमिटीने एकेक थर चढवला होता. कंत्राटदार आणखी एक थर द्यायला तयारच होता, स्वस्तात. चार-साडेचार इंचाचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन, हे तुम्ही फळ्यावर मांडलंत आणि सगळं उकरून स्लॅबपर्यंत जायला लावलंत. नवा कोबा एकाच थरात, उतार पावसाळी पाइपकडे. मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी कोंडून ठेवलं आणि खालच्या घरांची छतं कोरडी राहिल्यावरच बिल पास. कंत्राटदाराचा चेहरा मी सांगत नाही.

कोटेशनचंही तसंच. तुम्ही यायच्या आधी आलेली कोटेशनं सगळी ‘एकूण काम इतके लाख’ छापाची, एकाची दुसऱ्याशी तुलना होईल तर शपथ. तुम्ही प्रत्येक कामाचं माप काढून यादी केलीत. इतके चौरस मीटर प्लास्टर, इतकं मायक्रो-काँक्रीट, इतका पाइप, दर त्यांनी भरायचा. बिल प्रत्यक्ष मोजमापावर. पहिल्या मोजमापालाच आमचे काही पैसे वाचले आणि रिडेव्हलपमेंटवाल्या तटाने तुम्हाला पहिल्यांदा चहा विचारला.

सळईच्या कामाला तुम्ही उन्हात उभे राहिलात ते सगळ्यांनी पाहिलंय. मिस्त्री वरवर टवके काढून पॉलिमरचा माल थापायच्या तयारीत होता. तुम्ही म्हणालात, ‘सळईच्या मागे बोट गेलं पाहिजे.’ बोट जाईना, तेव्हा पुन्हा फोडायला लावलंत. त्याआधी बीमखाली आधाराला जॅक. मग तारेचा ब्रश, गंज काढणारं द्रावण, प्रायमर, झिजलेल्या ठिकाणी जोडसळई, आणि मगच माल. शेवटी शेवटी तो मिस्त्रीच मला बोलवायचा, ‘बाई, बोट घालून बघा.’

सोलरबद्दल एकच लिहिते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं हे कळल्यावर आमची तरुण मंडळी पॅनेल बसवायला उतावीळ झाली होती. कोरी करकरीत गच्ची ड्रिल करू द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. आता पॅनेलं सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी आहेत, भोक एकही नाही. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतात. जुना मीटरबोर्डही त्याच झपाट्यात बदलून घेतला.

सगळ्यात जास्त आभार मात्र शेवटच्या सभेतल्या तुमच्या बोलण्याचे. दुरुस्तीवाले खुशीत होते, त्यांना वाटलं आता तुम्ही रिडेव्हलपमेंटचा विषय कायमचा मिटवणार. तुम्ही मिटवला नाहीत. दुरुस्तीने इमारत नवी होत नाही, तुम्हाला थोडी वर्षं मिळालीत, ती भांडण्यात घालवू नका, असं तोंडावर सांगितलंत. आणि जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर आहे, तेव्हा आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर, करून घ्या, उद्या पुनर्विकास ठरला तर ते लागणारच, हेही. पुनर्विकासाला जायचंच असेल तर ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयातली पद्धत वाचा आणि बिल्डरच्या आधी स्वतःचा सल्लागार नेमा, हे तर तुम्ही दोन्ही तटांच्या म्होरक्यांना शेजारी बसवून सांगितलंत. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज गेला आहे. कागदपत्रं दोन्ही तटांनी मिळून जमवली.

इमारत तिशीच्या पुढची असली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, हे आता नोटीस बोर्डवर कायमचं लावलंय. तुमची खडूची खूण असलेल्या कॉलमांचा नकाशा, मोजमाप-वही आणि गच्चीची गॅरंटी एका फाइलीत आहे, पुढच्या सेक्रेटरीला चार्जबरोबर मिळेल.

एक विनंती आहे. पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई माझ्या मागे लागल्यात. त्यांनी रंगाचं कोटेशन घेऊनही झालंय. मी त्यांना रविवारी सकाळी तुमच्याकडे घेऊन येतेय, नाही म्हणू नका. हातोडी तुमची आमच्या ऑफिसातच राहिलीय, ती येताना आणते.

आपली,
सेक्रेटरी (आणि सळईमागे बोट घालून बघणारी बाई)