तापाचे औषध कपाटात नको

पावसाळी तापावरील आपल्या दैनिकातील लेखात ‘अँटिबायोटिकचे एक पाकीट घरात असू द्यावे’ असा सल्ला वाचला. तो मला मुळीच पटला नाही. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जिवाणूची पेशीभित्तिका (पेशीभोवतीचे कवच) बांधू देत नाही. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन त्याच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. डेंग्यूच्या विषाणूला ना पेशीभित्तिका, ना स्वतःचे रायबोसोम. मग गोळी काम करणार कशावर? पोटातले उपयोगी जिवाणू तेवढे मरतात आणि जे तगतात ते पुढे औषधाला दाद देत नाहीत. अपुऱ्या मात्रेने जिवाणू असे निर्ढावतात, हा धोका पेनिसिलिन शोधणाऱ्या खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात सांगितला होता.

उलट आपल्याकडे शेतात, चिखलात राबणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या तापावर डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळणे फार मोलाचे असते. डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन्ही आजारांची सुरुवात मात्र सारखीच: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. कुठला आजार, हे डॉक्टरांनी तपासून आणि रक्त पाहूनच ठरते. पाकिटावरची लाल पट्टी चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये हेच सांगते. लेखातील त्या सल्ल्याबाबत आपण खुलासा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा